‘तो सराईत गुन्हेगार होता’ हा बचाव नव्हे: पोलीस गोळीबाराच्या प्रकरणांत या चुका टाळा

पोलिसाच्या गोळीने माणूस मेल्याचं प्रकरण टेबलावर आलं की माझ्याकडची नवी पोरं सगळ्यात आधी काय शोधतात? मेलेल्यावर किती गुन्हे होते ते. यादी लांब निघाली की चेहरे खुलतात, निम्मं काम झाल्यासारखे. मी फौजदारी वकिली करतो. असली प्रकरणं मोजकीच हाताळली, पण दोन्ही बाजूंनी: कधी गोळी झाडणाऱ्या पोलिसाकडून, कधी मेलेल्याच्या घरच्यांकडून. चुका दोन्हीकडे त्याच त्या. तेच तेच बोलून घसा बसला, म्हणून एकदा लिहून ठेवतोय.

कलमांचे आकडे नवे देतो, जुने कंसात. घटना १ जुलै २०२४ च्या आधीची असेल तर गुन्ह्याला भारतीय दंड संहिताच लागते, त्या दिवसापासून पुढची असेल तर भारतीय न्याय संहिता. २०१९ च्या घटनेला न्याय संहितेचं कलम लावलेला मसुदा आला तर मी दुसरं पान उलटत नाही.

मेलेल्याची कुंडली

हे मीही केलंय, म्हणून जरा हक्काने बोलतो. वकिलीच्या चौथ्या वर्षी एका पोलिसाच्या जामिनासाठी उभा होतो. मृतावर अकरा गुन्हे होते. मी ते तारीखवार, ठाण्यासकट, चढत्या आवाजात वाचून दाखवले. न्यायाधीशांनी मध्ये एकदाही अडवलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. यादी संपल्यावर ते म्हणाले, “वकीलसाहेब, यातला कोणता गुन्हा तो त्या रात्री पावणेदोन वाजता करत होता?” मी कागद चाळत राहिलो. उत्तर कागदात नव्हतंच.

कायदा माणसाकडे बघत नाही, गोळी सुटली त्या क्षणाकडे बघतो. ओमप्रकाश विरुद्ध झारखंड या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की आरोपी कितीही खतरनाक असला तरी त्याला मारून टाकणं हे पोलिसांचं कर्तव्य नाही. पकडून खटल्याला उभं करणं हे कर्तव्य आहे. गंमत म्हणजे त्याच निकालात त्या पोलिसांना मंजुरीच्या (खटल्याआधी लागणाऱ्या सरकारी परवानगीच्या) मुद्द्यावर संरक्षण मिळालं. म्हणून दोन्ही बाजूंचे वकील तो निवाडा खिशात घेऊन फिरतात, आणि बहुतेकांनी त्याचा अर्धाच भाग वाचलेला असतो.

पूर्वेतिहासाचा उपयोग शून्य आहे असं नाही. गोळी झाडणाऱ्याला तो इतिहास तेव्हा माहीत होता का, आणि त्यामुळे ‘हा आता पिस्तूल काढणार’ ही भीती रास्त ठरते का, एवढ्यापुरता तो येतो. त्यासाठी अकरा गुन्ह्यांतला हत्याराचा एक पुरतो, आणि तो पोलिसाच्या मनात होता हे दाखवणारा एखादा कागद लागतो. उरलेले दहा वाचायचे नाहीत.

आणि माणूसच चुकीचा निघाला तर? ३१ मार्च १९९७ ला दिल्लीत कॅनॉट प्लेसला पोलिसांनी एका गाडीवर गोळ्यांचा वर्षाव केला. आत त्यांना हवा असलेला गुंड नव्हताच. दोन व्यावसायिक मेले. आतून आधी गोळी आली हा बचाव टिकला नाही. दहा पोलिसांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली.

कलम ४३(४) उलटं वाचणं

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ४६) अटक कशी करायची ते सांगतं. माणूस बळाने प्रतिकार करत असेल किंवा अटक चुकवत असेल तर अटकेसाठी आवश्यक ती सर्व साधनं वापरता येतात. पुढे चौथं पोटकलम म्हणतं: मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या शिक्षेस पात्र गुन्ह्याचा आरोप ज्याच्यावर नाही, त्याचा मृत्यू घडवण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही.

घाईत वाचणारा यातून काय काढतो? ‘म्हणजे जन्मठेपेचा आरोपी पळाला तर मारता येतो.’ असं तिथे कुठे लिहिलंय? ते पोटकलम कुंपण आहे. दार दुसऱ्या पोटकलमात आहे, आणि त्या दारावर पाटी आहे ‘अटकेसाठी आवश्यक’. मेलेल्या माणसाला अटक होत नाही. आरोप जन्मठेपेचा असला तरी दुसऱ्या कोणत्याही मार्गाने तो हाती लागला असता का, हा प्रश्न उरतोच. आरोप त्याखालचा असेल तर पळणाऱ्याच्या बाबतीत विषयच संपला. साधी चोरी, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा: पळू द्या. जबरी चोरी, हमरस्त्यावर रात्री केली तरी चौदा वर्षांपर्यंत: जन्मठेप नाही. दरोडा: जन्मठेप आहे, तिथे निदान वाद घालता येतो.

हा घोळ किती खोल जातो ते एका प्रकरणात पाहिलं. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलतो.

रात्रीची नाकाबंदी. दुचाकीवर दोघं. थांबायचा इशारा झाला, ते थांबले नाहीत. चालवणाऱ्याने गाडी सरळ उपनिरीक्षकाच्या अंगावर घातली. त्याने बाजूला उडी मारली आणि तीन गोळ्या झाडल्या. पहिली पुढच्या मडगार्डमध्ये घुसली. दुसरी सापडलीच नाही. तिसरी मागे बसलेल्या मुलाच्या पाठीत. मुलगा गेला. उपनिरीक्षक माझा अशील.

माझ्या ज्युनिअरने एका रात्रीत मसुदा आणला. आठ पानं, सात निवाडे. सगळ्याचं सार एवढंच: गाडी अंगावर घातली, मरणाची भीती निर्माण झाली, म्हणून न्याय संहितेच्या कलम ३८ (जुनं १००) प्रमाणे खासगी बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. तीन गोळ्यांना मिळून एक वाक्य! मी विचारलं, गाडी पुढे निघून गेल्यावर भीती कशाची? कलम ४० (१०२) आहे ना: धोक्याची रास्त भीती वाटते तिथे हक्क सुरू होतो आणि ती भीती टिकते तोवरच टिकतो. पाठीत गोळी लागली म्हणजे गाडी अंगावर येत नव्हती, लांब जात होती.

पोरगा हुशार. दुसऱ्या दिवशी नवा मसुदा. आता खासगी बचाव गायब, त्याजागी अटकेचं कलम. गाडी अंगावर घालणं म्हणजे खुनाचा प्रयत्न, त्याला जन्मठेप आहे, सबब पळताना मारता येतो. मी म्हटलं, कलम १०९ (३०७) नीट वाच. इजा झाली नसेल तर दहा वर्षांपर्यंत. इजा झाली असेल तरच जन्मठेपेपर्यंत. तो गप्प बसला. दुपारी उड्या मारतच आला: “सर, साहेबांच्या ढोपराला खरचटलंय. मेडिकल आहे!”

त्या पोरावर रागवावं की पाठ थोपटावी, कळेना. आकड्यांचं गणित बरोबर होतं. पण ढोपर त्याने स्वतः उडी मारल्यावर फुटलं होतं. गाडी चालवत होता पुढचा. मेला तो मागे बसलेला, त्याच्यावर त्या क्षणी आरोप कशाचा लावणार? आणि हे सगळं आपल्या बाजूने धरलं तरी गाडीचा नंबर वायरलेसवर गेलेला होता, पुढचा नाका दोन किलोमीटरवर होता. ‘आवश्यक’ हा शब्द कुठल्या तोंडाने उच्चारायचा?

कलमं शोधत फिरायचं आणि घटना त्यांच्या मापाने कापायची, हा नव्या पोरांचा रोग आहे. शोधाच्या चौकटीत दोन शब्द टाकले की चाळीस निवाडे समोर येतात, त्याने हा रोग आणखी वाढलाय. माझी सवय जुनाट आहे. ब्रीफच्या (प्रकरणाच्या कागदांच्या) पाठीमागच्या कोऱ्या पानावर मी तक्ता आखतो. गोळी क्रमांक. कोणी झाडली. कुठे उभं राहून. कुणाच्या दिशेने. त्या वेळी समोरच्याचे हात कुठे होते, तोंड कुठे होतं. हे मला कशावरून कळलं: घटनास्थळ पंचनामा, पीएम म्हणजे शवविच्छेदनाचा रिपोर्ट, बॅलिस्टिकचा (गोळी-बंदुकीच्या तपासणीचा) अहवाल की नुसतं अशिलाचं तोंड? प्रत्येक गोळीला एक ओळ. तक्ता भरल्याशिवाय कलमाच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. भरताना अशील वैतागतात, ते साहजिक आहे. सरकारी वकील उलटतपासात हेच विचारणार, तेव्हा वैतागायची सोय नसते.

त्या प्रकरणात तक्त्याने सांगितलं ते असं. पहिली गोळी समोरून, गाडी अंगावर येताना: खासगी बचाव, ताठ मानेने मांडायचा. तिसरी गोळी तशी नाही. पहिली ते तिसरी यात फार तर दोन-तीन सेकंद गेले असतील, आणि अशा वेळची कृती सोन्याच्या काट्यावर तोलू नये असं न्यायालयं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. तेही मांडलं. ते नाही मानलं तर पर्याय म्हणून खुनावरून सदोष मनुष्यवधावर आणणारा अपवाद. अशील नाराज झाला, त्याला ‘निर्दोष’ याखेरीज दुसरा शब्द ऐकायचा नव्हता. प्रकरण अजून संपलेलं नाही, त्यामुळे पुढचं इथे लिहीत नाही.

अपवाद ३ म्हणजे माफी नव्हे

कलम १०१ (३००) खालचा तिसरा अपवाद खास लोकसेवकांसाठी आहे. कायद्याने दिलेले अधिकार ओलांडले, पण आपली कृती कायदेशीर आणि कर्तव्यासाठी आवश्यक आहे असं सद्भावपूर्वक मानून, आणि मेलेल्याबद्दल मनात आकस नसताना, तर तो खून ठरत नाही. ठरतो सदोष मनुष्यवध. शिक्षा कलम १०५ (३०४) खाली, आणि तिच्या पहिल्या भागात जन्मठेपही आहे. म्हणजे हा अपवाद दोषी ठरण्याचाच एक प्रकार आहे, निर्दोष सुटण्याचा नाही. खासगी बचावाचा हक्क सिद्ध झाला तर गुन्हाच घडत नाही (कलम ३४, जुनं ९६). हे दोन्ही एकाच परिच्छेदात, एकाच दमात लिहिणाऱ्याला फरक कळलेला नसतो.

शेजारचा अपवाद २ खासगी बचावाची मर्यादा ओलांडण्याबद्दल आहे. तो वापरायचा तर मुळात हक्क जिवंत हवा. हक्क संपल्यावर ओलांडायला उरतं काय? म्हणून नाकाबंदीच्या प्रकरणात आम्ही तिसऱ्या अपवादाकडे वळलो.

‘सद्भावपूर्वक’ हा शब्द सगळे ‘मनात पाप नव्हतं’ अशा अर्थाने वापरतात. कायद्यात त्याची व्याख्या आहे: योग्य दक्षता आणि लक्ष नसेल तर सद्भाव नाही. नुसतं मन साफ असून भागत नाही. आणि प्रसंग बनावट निघाला तर हा शब्द उच्चारायचीही सोय राहत नाही. ६ डिसेंबर २०१९ ला हैदराबादजवळ बलात्कार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेला आयोग होता न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांचा. आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं की आरोपींवर जीव घेण्याच्या हेतूने गोळ्या झाडल्या गेल्या, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. अपवाद ३ चा आधार इथे घेता येणार नाही, हेही सांगितलं. फुलं उधळणाऱ्यांचं मत न्यायालयात पुरावा म्हणून दाखल होत नाही.

वरून आदेश होता

कलम १४ (७६) खालचं उदाहरण सगळ्यांना पाठ असतं: सैनिक वरिष्ठाच्या आदेशावरून जमावावर गोळी झाडतो, तो गुन्हा नाही. मधले शब्द गाळून पाठ असतं. ते शब्द आहेत ‘कायद्याच्या आज्ञांना अनुसरून’. आदेशच बेकायदा असेल तर त्याच्या मागे लपता येत नाही. प्रकाश कदम प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाझी अधिकाऱ्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांची आठवण करून दिली: तिथेही ‘हुकूम तो हुकूम’ हाच बचाव होता. हे प्रकरण मुंबईतल्या २००६ च्या चकमकीचं. २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यात तेरा पोलिसांसह एकवीस जणांना दोषी ठरवलं. शिपाई पातळीवरच्या अशिलाला मी पहिल्याच भेटीत हे ऐकवतो. आदेश देणारे साहेब साक्षीला आल्यावर तो आदेश त्यांना आठवेलच असं नाही.

अमेरिका घरी ठेवा

एका विद्यार्थ्याने टिपणात ‘टेनेसी विरुद्ध गार्नर’ घातलं होतं, मोठ्या कौतुकाने. निकाल मोलाचा आहे. १९७४ मध्ये मेम्फिस शहरात घरफोडी करून कुंपणावर चढणाऱ्या पंधरा वर्षांच्या निःशस्त्र मुलाला पोलिसाने गोळी घातली. १९८५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पळणारा जिवाला किंवा शरीराला गंभीर धोका आहे असं मानायला सबळ कारण असेल तरच अशी गोळी चालते. पण तिथली कसोटी धोक्याची आहे, आणि आपल्या ४३(४) चं कुंपण गुन्ह्याच्या शिक्षेवर बांधलेलं आहे. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की उत्तर चुकतं. तिथली कसोटी इथे असती तर बरं झालं असतं असं मला वाटतं, पण माझ्या वाटण्याने कलम बदलत नाही.

कागद नंतर करू

पीयूसीएल (ही नागरी हक्कांची संघटना) विरुद्ध महाराष्ट्र, सर्वोच्च न्यायालय, २३ सप्टेंबर २०१४. मूळ मुद्दा १९९५ ते १९९७ दरम्यानच्या मुंबईतल्या सुमारे नव्व्याण्णव चकमकींचा, त्यांत सुमारे एकशे पस्तीस माणसं मेली होती. न्यायालयाने सोळा सूचना दिल्या आणि त्या देशभर कायदा म्हणून बंधनकारक केल्या. खबर मिळाली तर आधी लिहून ठेवा; गोळीबारात मृत्यू झाला तर एफआयआर नोंदवा; तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा; दंडाधिकाऱ्याची चौकशी; शवविच्छेदन दोन डॉक्टरांकडून, व्हिडिओ चित्रीकरणासह; वापरलेली शस्त्रं तपासणीसाठी जमा; घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्य पुरस्कार नाही.

नेहमी दिसणारी चूक अशी: एफआयआर होतो, पण मेलेल्याच्याच विरुद्ध, खुनाच्या प्रयत्नाचा. आरोपी मृत, प्रकरण मिटलं. माणूस मेला कसा याचा तपास कुठेच नाही. पोलिसाच्या बाजूचे वकीलही यावर खूश असतात, ही त्यांची मोठी चूक. चार-पाच वर्षांनी उच्च न्यायालयात याचिका आली की अशिलाच्या बाजूने बोलणारा एकही ताजा कागद नसतो. वेळेवर घेतलेला बॅलिस्टिक अहवाल खऱ्या बचावाला जेवढा तारतो, तेवढं कुठलंही भाषण तारत नाही. गोळी जवळून लागली तर जखमेभोवती काजळी आणि बंदुकीच्या दारूचे कण दिसतात, लांबून लागली तर नाही. झटापटीत गोळी सुटली असं म्हणणाऱ्याला तो काळा डाग हवाच असतो, आणि हात धुऊन कपडे जाळले की तो जातो.

मी पहिल्याच दिवशी स्टेशन डायरीची प्रत मागतो. खबरेची नोंद घटनेच्या आधीची आहे की मागाहून दोन ओळींच्या मध्ये कोंबलेली, हे शाईच सांगते.

एकेका ओळीच्या

‘पायावर का नाही मारली?’ बदलापूर प्रकरणातला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये मुंब्रा बायपासवर पोलीस व्हॅनमध्ये गोळीने मेला, तेव्हा मला दिवसाला दहा वेळा हे विचारलं गेलं. प्रश्न अगदीच वावगा नाही, हेतू ठरवताना तो येतो. पण पायाला वेगळं कलम नाही. मांडीतली रक्तवाहिनी फुटली तर माणूस मिनिटांत जातो. गोळी झाडायची गरजच होती का, हे आधी.

हवेत गोळीबार हा सौम्य उपाय वाटतो. जमावाबाबतच्या १९६४ च्या आदर्श नियमांत तो नाकारलाय: इशारा द्यावा, आणि गोळी झाडायचीच तर नेम खाली, जमावाच्या सगळ्यात धोकादायक भागावर. हवेतली गोळी कुठेतरी खाली येतेच, बहुधा गच्चीवर उभ्या असलेल्या माणसावर.

जमाव पांगवण्याचा हुकूम कोणीही देऊ शकत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ (१२९) प्रमाणे कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रभारी अधिकारी, तो नसेल तर किमान उपनिरीक्षक.

मंजुरी मिळाली नाही म्हणजे कृती समर्थनीय ठरली, असं नव्हे. त्याच संहितेचं कलम २१८ (१९७) फक्त न्यायालयाचं दार अडवतं, आणि नव्या कायद्यात सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी दिली असं धरलं जातं. हे १२० दिवस मोजत बसलेला वकील मी अजून पाहिलेला नाही.

अपवाद सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, साक्ष अधिनियमाचं कलम १०८ (१०५). पण तो संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं की पुरतं, आणि ते सरकारी साक्षीदाराच्या तोंडूनही झुकवता येतं. आपला साक्षीदार उभा करायची घाई करू नका. मी दोनदा केली, दोन्ही वेळा त्यानेच बुडवलं.

आणि ‘गोळी मी झाडलीच नाही, झाडली ती स्वसंरक्षणासाठी, आणि खरं म्हणजे ती अपघाताने सुटली’ हे तिन्ही एकाच लेखी जबाबात घालणाऱ्या ज्युनिअरला मी तो जबाब मोठ्याने वाचायला लावतो. दुसऱ्या वाक्याला तो स्वतःच थांबतो.